घर आणि परस : आधी जमीन सांगा, मग सल्ला विचारा

या सदराला वर्षभर आठवड्याला एकच पान मिळते. त्या पानात तीन पत्रे आणि तीन उत्तरे बसवताना माझी जी तारांबळ उडते, ती दहा बाय दहाच्या खोलीत दिवाण, कपाट आणि शिलाईचे मशीन बसवणाऱ्या गृहिणीलाच कळेल. दिवाळी अंकात मात्र जागा ऐसपैस असते. म्हणून वर्षातून एकदा एखाद्याच प्रश्नाचा धागा शेवटपर्यंत ओढून पाहण्याची चैन मी करून घेतो. यंदा तो मान पूर्णेहून आलेल्या एका पत्राला दिला आहे.

परभणी जिल्ह्यातले पूर्णा हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे जंक्शन. अकोल्याकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. निजामाच्या रेल्वेच्या काळापासून हे रेल्वेवाल्यांचे गाव. नोकरीसाठी आलेली माणसे क्वार्टरमध्ये उमेद घालवतात आणि निवृत्त झाली की इथेच एखादा प्लॉट घेऊन घर बांधतात. अशाच एका निवृत्त गृहस्थांचे पत्र गेल्या वर्षी चैत्रात आले. ते थोडक्यात असे :

“आठ वर्षांमागे फंडाचा सगळा पैसा घालून तीन खोल्या बांधल्या. पूर्वेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. उन्हाळ्यात तीत बोट जाते, पावसाळा सरता सरता ती आपोआप मिटत येते. दोनदा सिमेंटने भरली, दोनदा पुन्हा उघडली. घरात धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. पाहुणे यायचे म्हटले की आम्ही भेगेवर कॅलेंडर टांगतो, पण भेग आता कॅलेंडरच्या खाली उतरली आहे. उपाय सुचवावा. ता. क. : त्याच भिंतीलगत फुलझाडांचा वाफा आहे. त्यातले लिंबाचे झाड पिवळे पडत चालले आहे. त्यासही एखादे खत सांगावे.”

पत्र छापले आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. आपल्या वाचकांचा हा गुण मला फार आवडतो. एखाद्याने घर बांधायला काढले की गल्लीतला प्रत्येक जण जसा ओसरीवर येऊन बसतो, तसे सगळे या पानावर येऊन बसतात. रत्नागिरीच्या एका वाचकांनी लिहिले की, भिंतीलगत खुशाल झाडे लावा, मुळे माती घट्ट धरून ठेवतात. आणि पाण्याचे काय, ते मुरून जाते. पुण्याच्या एका गृहस्थांनी पाया तीन फूट खणायचा असतो एवढेही कळले नाही का, असे विचारून टाकले. एका गृहस्थांनी भेगेची दिशा पाहून शांत करायला सांगितली. त्यांनी पाठवलेल्या खर्चाच्या यादीत सिमेंट नव्हते, एवढेच मी नोंदवतो. दहाबारा जणांनी भेग भरण्याची वेगवेगळ्या कंपन्यांची मलमे सुचवली.

या सगळ्यांत एक पत्र पूर्णेचेच होते. पत्र कसले, पोस्टकार्ड. लिहिणाऱ्या बाई त्या गृहस्थांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी लिहिले होते, “अण्णा, सिमेंट राहू द्या. तुमच्या न्हाणीचे पाणी कुठे जाते, ते आधी सांगा.”

तुम्ही म्हणाल, भिंतीच्या भेगेचा आणि न्हाणीच्या पाण्याचा काय संबंध? रत्नागिरीत कदाचित काही नसेल. तिथे जांभ्याची जमीन. पाणी तीतून वाट काढते आणि जमीन जागची हलत नाही. पुण्यात पुष्कळ ठिकाणी तीनचार फुटांवर मुरूम लागतो. या दोघांचे सल्ले त्यांच्या त्यांच्या अंगणात खरेच आहेत. पण पूर्णा आहे गोदावरीच्या खोऱ्यात, खोल काळ्या जमिनीवर. काळा पाषाण झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्या मिटतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. शेतातली भेग ही घरातल्या भेगेची थोरली बहीण. रानात जे होते तेच घराखाली होते. फरक इतकाच की रानावर भिंत उभी नसते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सगळी जमीन सारखी फुगली आणि सारखी आकसली, तर घर तिच्याबरोबर थोडे वर जाईल, थोडे खाली येईल, आणि फारसे बिघडणार नाही. घर फाटते ते एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला म्हणजे. म्हणून काळ्या मातीवरच्या घराला विचारायचा पहिला प्रश्न त्या बाईंनी विचारला तोच : पाणी कुठे जाते?

अण्णांचे उत्तर आठवड्याने आले. (बाईंनी अण्णा म्हटल्यापासून मीही त्यांना अण्णाच म्हणू लागलो आहे.) न्हाणीचे पाणी वाया कशाला घालवायचे, म्हणून त्यांनी ते भिंतीलगतच्या वाफ्यात सोडले होते. म्हणजे खिडकीच्या अलीकडे पायाला बारा महिने ओल. आणि खिडकीच्या पलीकडे, भिंतीपासून चार हातांवर, एक चांगला वाढलेला कडुनिंब. कडुनिंबाची मुळे उन्हाळ्यात ओल शोधत पायाखाली जातात आणि तिथली माती पार शोषून कोरडी करतात. एकाच भिंतीचे एक टोक पाण्यात आणि दुसरे तहानलेले. भेग बरोबर मधोमध, खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली, कारण भिंत तिथेच सर्वांत नाजूक असते. वरून सिमेंट भरणे म्हणजे ताप आलेल्याच्या कपाळाला पावडर लावण्यासारखे होते.

मग बाईंनी, मी आणि परभणीच्या एका अभियंता वाचकांनी मिळून अण्णांना पुढील गोष्टी सांगितल्या. ज्यांची घरे काळ्या जमिनीवर आहेत त्या सर्वांनी हे कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट, वाफा भिंतीपासून हलवा. घराभोवती निदान सहा फुटांची फरशी किंवा कोबा करा, आणि त्याला उतार द्यावा तो घराकडून बाहेर. पावसाचे पाणी जोत्याशी साचता कामा नये. पन्हाळाचे पाणीही नळीने दूर न्या.

दुसरी गोष्ट, न्हाणीचे पाणी बंद नळीतून बागेच्या टोकाला न्या. शोषखड्डा घेत असाल तर तोही घरापासून दूर घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे आणि डास हटवले, तो आदर्श चांगलाच आहे. पण निव्वळ काळ्या मातीत खणलेला खड्डा पाणी फारसे पीत नाही. तो खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर चार दिवसांत त्याचे डबके होते.

तिसरी गोष्ट, कडुनिंबावर लगेच कुऱ्हाड चालवू नका. वर्षानुवर्षे पाणी ओढणारे झाड एकदम गेले, तर तिथली वाळलेली माती ओल धरून फुगू लागते आणि भेग दुसऱ्या बाजूने उघडते. दर वर्षी छाटून त्याचा विस्तार आटोक्यात ठेवा. नवे झाड लावणाऱ्यांनी मात्र ठोकताळा असा धरावा की, मोठे झाल्यावर झाड जेवढे उंच होणार, तेवढे ते घरापासून दूर हवे. तीस बाय चाळीसच्या प्लॉटात कडुनिंब, पिंपळ, वड या हिशेबात बसत नाहीत. तिथे पारिजातक, कडीपत्ता, जास्वंद, मोगरा शोभतो, आणि तोही फरशीच्या पलीकडे.

चौथी गोष्ट, भेग भरायची घाई करू नका. भेगेवर आडवी कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवा, तीवर तारीख लिहा आणि पट्टी कधी फाटते ते पाहा. भेग किती हलते हे कळल्याशिवाय मिस्त्रीला बोलावणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

अण्णांनी हे सगळे केले. सव्वा वर्ष गेले. यंदाच्या मे महिन्यात त्या भेगेत बोट जाईना. जेमतेम पोस्टकार्ड गेले. भेग अजून हलते आहे, पण दमाने. आणखी एक उन्हाळा पाहून मगच ती भरायची, असे ठरले आहे. धाकटीचे लग्न ठरले, आणि पाहुण्यांनी भेगेबद्दल अवाक्षर काढले नाही, हेही त्यांनी आवर्जून कळवले आहे.

आणि लिंबू? त्याला खत नको होते. लिंबाच्या बुंध्याशी पाणी साचले की मुळे गुदमरतात आणि खोडाला डिंक्या धरतो. लिंबाला दुहेरी आळे करावे : बुंध्याभोवती मातीची लहानशी भर देऊन आतले कडे कोरडे ठेवायचे आणि पाणी द्यायचे ते बाहेरच्या कड्यात. घराला जे पथ्य, तेच लिंबाला : पाणी हवे, पण पायाशी नको. अण्णांचा रिकामा झालेला वाफा आता बागेच्या टोकाला गेला आहे. काळी माती उकरून तीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळून त्यांनी उंच गादी केली आहे, आणि तीवर परभणीच्याच कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी लावली आहे. हा वाण पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजला गेला. काळ्या मातीतल्या परसबागेला माझा एकच मंत्र असतो : वाफसा पाहून हात घाला. चिखलात कुदळ मारली की ढेकळे होतात आणि वाळल्यावर मारली की कुदळच उडते.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुरूम आवाक्यात असेल तर पाया तिथपर्यंत न्या, आणि खणलेल्या चराच्या बाजूंना तीच काळी माती परत न भरता मुरूम किंवा वाळू भरा. मुरूम फार खोल असेल, तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात अशा जमिनीसाठी फुगीर बुडाचे खांब पुढे आणले, ते आहेत. जमिनीत साधारण साडेतीन मीटर, म्हणजे अकराबारा फूट खाली उन्हापावसाचा फेरा पोचत नाही. तिथपर्यंत काँक्रीटचा खांब न्यायचा आणि त्याचे बूड खांबाच्या सुमारे अडीचपट फुगवायचे, म्हणजे वरची माती कितीही ओढो, खांब गाजरासारखा उपटला जात नाही. हे काम मात्र जाणत्या अभियंत्याशिवाय करू नये.

इथवर प्रश्न पैशाचा आणि मनस्तापाचा होता. पण अण्णांचे पत्र छापल्यानंतर पूर्णा तालुक्यातल्याच एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आले, आणि त्याला मी डाकेने, छापण्याची वाट न पाहता, उत्तर दिले. त्या लिहितात, “आमचे घर जुने, दगडमातीचे, वर माळवद. यंदा सवण्याजवळ गळू लागले. सासूबाई म्हणतात, पांढऱ्या मातीचा आणखी एक थर घाला. दर दोनचार वर्षांनी घालतोच. शेजारीही तेच सांगतात. किती जाड थर घालावा?”

मी कळवले, “ताई, एक टोपलीही घालू नका. आधी वर किती माती आहे ते मोजा.”

माळवदाला मी नावे ठेवत नाही. वैशाखाच्या उन्हात माळवदाखालची गार खोली ज्याने अनुभवली आहे, तो पत्र्याखाली सुखाने बसणार नाही. पण हिशेब करून पाहा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर फूटभर जाडीचा थर म्हणजे एक ब्रास माती. कोरडी असली तरी तिचे वजन चार टनांच्या वर जाते. दर गळतीला एकेक थर चढत तो दोन फुटांवर गेला, म्हणजे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर आठनऊ टनांचा, मालाने भरलेल्या ट्रकएवढा बोजा झाला. आणि तो पेलणाऱ्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या. आतली एक रांग, बाहेरची एक रांग, मध्ये भर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झाले, ते मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सरकारी नकाशात हा मुलूख तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. धक्का मोठाच होता, पण माणसे मेली ती बहुतांशी दगडाच्या आणि मातीच्या ओझ्याखाली. भिंतींच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि ढासळल्या. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती पडूनही माळवद वर तोलून राहिले.

आणखी एक थर घाला, हा सल्ला कोणा वैऱ्याने दिलेला नव्हता. तो आईने लेकीला आणि शेजारणीने शेजारणीला पिढ्यान्‌पिढ्या मायेने दिला होता, आणि गळती थांबवण्यापुरता तो बरोबरही होता. त्यात अर्धे वाक्य राहून गेले होते : नवी माती घालण्याआधी जुनी काढा. त्या अर्ध्या वाक्याची किंमत फार मोठी पडली.

पण याच कहाणीचा दुसरा भाग आपल्या सदराला जास्त जवळचा आहे. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून मोठे काम शांतपणे झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या सरकारी कार्यक्रमात जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनी आपापल्या देखरेखीखाली करून घेतली. आता दोन लाख घरांना अभियंते आणायचे कुठून? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. या बायका शेतमजुरी करणाऱ्या, घरसंसार सांभाळणाऱ्या. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मधूनमधून का बसवायचा, दारा-खिडक्यांवरून काँक्रीटची सलग पट्टी का फिरवायची, खांब आणि तुळई यांना तिरपे टेकू का द्यायचे, हे त्या आधी शिकल्या आणि मग दारोदार जाऊन सांगू लागल्या. गवंड्याच्या कामावर त्यांची नजर असे. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना भेटायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या. सल्ला देणारी बाई स्वतः त्या ढिगाऱ्यातून उठलेली होती, म्हणून तिचे ऐकले गेले.

हा विषय जुना झाला असे समजू नका. पूर्णेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, आणि परभणी-नांदेडकडे भांडी खडखडली. म्हणून ज्यांच्या डोक्यावर माळवद आहे त्यांनी गळतीच्या निमित्ताने जुनी माती उतरवावी, वीतभरच थर ठेवावा, त्याखाली जाड प्लास्टिकचे कापड घालावे, आणि खांब-तुळयांचे सांधे व भिंती जाणत्याकडून तपासून घ्याव्यात. त्या भगिनींच्या माळवदावर दोन फुटांच्या वर माती निघाली. सासूबाई आधी रागावल्या, मग उतरवलेल्या मातीचा ढीग अंगणात पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, असे त्यांनी कळवले आहे. आता त्याच सासूबाई गल्लीतल्या इतर बायकांना आपल्या अंगणातला ढीग दाखवायला बोलावतात.

तेव्हा वाचकहो, नव्या वर्षासाठी माझी एक विनंती आहे. पत्र लिहिताना नुसती भेग किंवा नुसते पिवळे पान कळवू नका. जमीन काळी, तांबडी की मुरमाड. मुरूम किंवा आडाचे पाणी किती खोलीवर. घर केव्हा आणि कशाचे बांधले. जवळ झाड कोणते, किती हातांवर. आणि घरातले व छपरावरचे पाणी कुठे जाते, एवढे लिहा. आणि जे सल्ला देतात त्यांनी, मग तो कितीही अनुभवाचा असो, पहिल्या ओळीत आपली स्वतःची जमीन सांगावी. यापुढे या पानावर ज्या सल्ल्याला गाव आणि माती नसेल, तो छापला जाणार नाही.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. पाऊस नुकताच सरला आहे. काळ्या जमिनीवरच्या घरांतल्या भेगा आता सर्वांत बारीक असतील. फराळाची ताटे आवरली की घराभोवती एक फेरी मारा, प्रत्येक भेगेवर कागदाची पट्टी लावून आजची तारीख घाला, आणि मे महिन्यात मला कळवा. दिवाळी सुखाची जावो.